दिवाळीनंतरचा लॅग: एक पीसी, तीन दोष

तक्रार एका दमात आली. दिवाळीपासून व्हॅलोरंट (ऑनलाइन शूटिंगचा गेम) लॅग मारतंय, म्हणजे अडखळतंय, रात्री तर खेळताच येत नाही, नेटवाला म्हणतो लाइन ओके आहे, दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड बदला. यातला नेटवाला बरोबर होता आणि दुकानदार चूक. पण ते कळायला तीन दिवस गेले, कारण ‘लॅग’ या एका शब्दाखाली तीन वेगळी दुखणी होती आणि ती एकमेकांना झाकत होती.

हे घर नमुन्याचं आहे. अशा तक्रारींत पुन्हा पुन्हा सापडणारे दोष इथे एकाच पीसीवर आणून ठेवलेत, आणि अशा मशीनवर ज्या पल्ल्यात आकडे दिसतात तेच घेतलेत.

नाशिकमधला टू बीएचके. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मोठी बहीण लग्नांचे व्हिडिओ एडिट करते, तेही घरूनच. पीसीत इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर (सीपीयू), बी६६० चिपसेटचा चार स्लॉटचा बोर्ड, डीडीआर४-३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन रॅम, आरटीएक्स ३०५० कार्ड, एनव्हीएमई एसएसडी आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर. लाइन फायबरची, येताना-जाताना दोन्हीकडे ४० एमबीपीएस. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे. पीसीही आधी हॉलमध्येच होता. दिवाळीच्या साफसफाईत तो उघडून ब्रशने झाडला, पुसला आणि आतल्या खोलीत हलवला. तिथे लॅनची केबल पोचत नव्हती म्हणून मागे यूएसबीचा वाय-फाय डोंगल लावला. ही माहिती तक्रारीत नव्हती, विचारल्यावर निघाली. पहिला प्रश्न म्हणून ‘कधीपासून’ विचारायचं आणि दुसरा ‘त्या सुमारास घरात काय हललं’. सगळं प्रकरण या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होतं.

आधी करून झालेले उपाय

मुलगा गप्प बसला नव्हता. विंडोज नव्याने टाकली. डीएनएस बदलून १.१.१.१ केला. गेम बूस्टर टाकला. व्हीपीएनची महिनाभराची फुकट चाचणी घेतली. गेमची सगळी ग्राफिक्स सेटिंग्ज ‘लो’ वर आणली.

डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देणं. मॅच सुरू झाल्यावर गेम थेट सर्व्हरच्या पत्त्याशी बोलतो, तिथे डीएनएस मध्ये येतच नाही, म्हणून त्याने पिंग, म्हणजे डेटाचं पॅकेट सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, हलत नाही. गेम बूस्टर पार्श्वभूमीतले चार प्रोग्राम बंद करतो. १६ जीबी रॅमच्या आणि बारा थ्रेडच्या मशीनवर ते बंद नसले तरी बिघडत नाही. व्हीपीएनचा उपयोग तेव्हा, जेव्हा नेटवाल्याकडचा रस्ता वाकडा असतो, म्हणजे सर्व्हर मुंबईत असून पॅकेट सिंगापूरला वळसा घालून येतं. इथे दुपारचा पिंग १० ते १२ मिलिसेकंद होता. नाशिक ते मुंबई अंतराला हा आकडा शोभतो, सिंगापूरचा वळसा असता तर तो ६० च्या पुढे गेला असता. रस्ता सरळ असताना व्हीपीएन फक्त एक थांबा वाढवतो.

‘लो’ सेटिंगने फरक पडला नाही, ही मात्र कामाची खूण होती. ग्राफिक्स कार्ड दमलं असतं तर ‘लो’ वर एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) उसळला असता. तो जागचा हलला नाही, म्हणजे अडकलंय दुसरीकडे. दुकानदाराने एवढं एक विचारलं असतं तरी कार्ड विकायचा विचार त्याच्या मनातून गेला असता.

मोजणी

व्हॅलोरंटमध्ये सेटिंग्जच्या व्हिडिओ भागात ‘स्टॅट्स’ नावाचा टॅब आहे. तिथे क्लायंट एफपीएस, सीपीयूचा फ्रेम टाइम, जीपीयूचा (म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा) फ्रेम टाइम, नेटवर्क आरटीटी (म्हणजेच पिंग) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) एवढे पाच चालू करायचे, आणि शक्य तिथे ‘ग्राफ’ निवडायचा. नुसता आकडा डोळ्यासमोरून निघून जातो. ग्राफवर उडी मागे राहते आणि गेममध्ये मेल्यानंतर निवांत बघता येते.

फ्रेम टाइम म्हणजे एक चित्र तयार व्हायला लागलेले मिलिसेकंद. हजाराला त्याने भागलं की एफपीएस. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला प्रत्येक चित्र ६.९४ मिलिसेकंदांच्या आत हवं. सीपीयू आणि जीपीयू यांपैकी ज्याचा आकडा मोठा, तो अडवतोय. आणि दोन्ही शांत असताना आरटीटीचा ग्राफ उसळत असेल तर दोष पीसीच्या पेटीत नाही, तारेत किंवा हवेत आहे.

त्याच वेळी कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडायच्या आणि तिन्हीत पिंग ‘-टी’ लावून चालू ठेवायचा, म्हणजे तो थांबत नाही. पहिली खिडकी घरच्या राउटरला, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१. दुसरी नेटवाल्याच्या पहिल्या थांब्याला. तो पत्ता ट्रेसर्ट या (पॅकेटच्या वाटेवरचे थांबे दाखवणाऱ्या) कमांडच्या यादीत राउटरनंतरच्या ओळीत मिळतो, आणि बऱ्याचदा १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होतो, कारण नेटवाले एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देतात. तिसरी खिडकी बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या पत्त्याला, जसं १.१.१.१. पहिली खिडकी उसळली तर दोष घरात. पहिली शांत आणि दुसरी उसळली तर घरापासून नेटवाल्यापर्यंतच्या पट्ट्यात. पहिल्या दोन शांत आणि तिसरीच बिघडली तर पुढे कुठेतरी.

ट्रेसर्टमध्ये मधल्याच एखाद्या थांब्यावर तारे (*, म्हणजे उत्तर आलं नाही) दिसले की लोक स्क्रीनशॉट काढून नेटवाल्याच्या अंगावर जातात. पुष्कळ मोठे राउटर पिंगला उत्तर देणं मुद्दाम मागे ठेवतात, त्यांचं खरं काम पॅकेट पुढे ढकलणं आहे. मधल्या थांब्यावरचा लॉस शेवटच्या थांब्यापर्यंत टिकत नसेल तर तो लॉस नव्हे.

मोजणी दोन वेळा झाली. सकाळी सातला, घर झोपेत असताना, आणि रात्री दहाला.

सकाळी सात: एफपीएस ७० ते ७५. सीपीयू फ्रेम टाइम १३ ते १४ मिलिसेकंद, जीपीयूचा ३ च्या आसपास. आरटीटी बहुतेक १२, पण दर काही सेकंदांनी एक उंच सुळका. पहिल्या खिडकीत म्हणजे घरच्या राउटरलाच २, ३, २, ११८, ४, २, ६१ अशी ओळ.

रात्री दहा: एफपीएस तेवढाच. आरटीटी मात्र सपाट १८० ते २२०. आता सुळके नव्हते, पूर्ण ग्राफच वर उचलला गेला होता.

चित्र जड चालणं, मधूनच आचके बसणं आणि रात्री सगळंच उशिरा पोचणं. गोळी लागत नाही हे एकच दुःख, पण कारणं तीन. क्रम असा ठेवला: आधी पेटी, मग घरातली वाट, मग बाहेरची. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर सकाळची व रात्रीची दोन्ही मोजणी. हा क्रम मोडला की पेटी दुरुस्त करून रात्री दहाला खेळणारा म्हणतो ‘काहीच फरक नाही’, आणि नीट केलेलं परत उलटं करून बसतो.

पेटी

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फक्त सेन्सर दाखवण्यापुरतं चालू केलं. डेस्कटॉपवर काही न करता सीपीयू ५८ अंश. मॅच लावली आणि बारा-पंधरा सेकंदांत १००. १२४००एफ ची मर्यादा १०० अंशांचीच, त्यामुळे त्यापुढे तो स्वतःला आवरतो. सगळ्या कोअर चालू असताना त्याने ४ गिगाहर्ट्झवर पळायला हवं, तो १.८ वर रांगत होता. ‘थर्मल थ्रॉटलिंग’ च्या ओळीत ‘येस’.

इथे आकड्यापेक्षा चढ बघायचा. हीटसिंकच्या, म्हणजे सीपीयूची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या गठ्ठ्याच्या, फटींत धूळ बसली असेल, किंवा कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसेल, तर तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढतं, कारण आधी ॲल्युमिनियमचा गठ्ठा तापतो. काही सेकंदांत उडी मारून शंभराला टेकत असेल तर उष्णता गठ्ठ्यापर्यंत जातच नाहीये. हात लावून बघितलं तर हीटसिंक कोमट. आत शंभर आणि बाहेर कोमट, म्हणजे संपर्क तुटलाय.

पॉवर बंद करून, वायर काढून बाजूचं झाकण उघडलं. इंटेलच्या सीपीयूबरोबर येणारा पंखा, चार कोपऱ्यांवर चार प्लास्टिकच्या पुश-पिना. खालच्या उजव्या कोपऱ्याची पिन बोटाने नुसती वर आली. दिवाळीत धूळ काढायला हीटसिंक सोडवला, परत बसवताना तीन पिना लागल्या, चौथी लागल्यासारखी वाटली. वर जुनी थर्मल पेस्टच (सीपीयू आणि हीटसिंकमधली फट भरणारी) ठेवून दिली होती. ती एकदा फुटली की मध्ये हवेचे कप्पे राहतात, आणि हवा उष्णता वाहून न्यायला कुचकामाची.

पिनेच्या डोक्यावर एक बाण कोरलेला असतो. तिथेच बहुतेकांची गफलत होते. बाण दाखवतो ती दिशा *सोडवायची* आहे. काढताना त्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायचं. परत बसवण्याआधी चारही डोकी उलट फिरवून मूळ जागी आणायची, आणि मग न फिरवता सरळ खाली दाबायची. बाणाकडे वळवून ठेवलेली पिन आत जाते, ‘टक’ करते आणि दोन दिवसांत सुटते.

जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली, चष्मा पुसायच्या मऊ कापडाने, कारण टिश्यूचे तंतू मागे राहतात. सीपीयूच्या मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट. ती पसरवत बसायचं नाही, दाबाने आपोआप पसरते. मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन पिना एकदम दाबायच्या, नंतर उरलेल्या दोन. एका बाजूच्या दोन आधी दाबल्या तर गठ्ठा तिरका बसतो. चार वेळा टक ऐकू आलं यावर थांबायचं नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूने टॉर्च मारून बघायचं, चारही भोकांतून पिनेच्या टाचा सारख्या फाकून बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत. पंख्याची चार तारांची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच.

पिनेचं प्लास्टिक तुटलेलंच असेल तर मित्राकडचा जुना कूलर आणून लावायचा मोह होतो. दहाव्या पिढीच्या सॉकेटची भोकं ७५ मिलिमीटरच्या चौकोनात, बाराव्या पिढीची ७८ च्या. तीन मिलिमीटरचा फरक ओढूनताणून भागवता येतो, पण बोर्ड वाकतो. एलजीए१७०० (बाराव्या पिढीचं सॉकेट) साठीचा कंस असेल तरच जुना कूलर चालतो.

पहिल्या बदलानंतर सकाळी: रिकाम्या वेळी ३९ अंश, मॅचमध्ये ६४. एफपीएस १९० च्या आसपास. नाशिकच्या थंडीतला हा आकडा आहे. मे महिन्यात त्यात दहा-बारा अंश धरायचे, आणि तेवढं खपतं.

१९० वर बहुतेक जण थांबले असते. पण सीपीयू फ्रेम टाइम अजून ५.२ होता आणि या जोडीला तो थोडा जड वाटतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीचा वेग २६६६ दिसला, रॅमच्या कांड्यांवर ३२०० छापलेलं असताना. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये चॅनेल (रॅम आणि सीपीयूमधली वाट) एकच. झाकण उघडंच होतं: दोन्ही कांड्या शेजारी-शेजारी, पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये. तीच साफसफाई, तोच ब्रश. चार स्लॉटच्या बोर्डावर पहिले दोन स्लॉट एकाच चॅनेलचे असतात. दोन कांड्या असतील तर सीपीयूकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. ३२०० ची रॅम एका चॅनेलवर सेकंदाला २५.६ जीबी ओढते, दोन चॅनेलवर ५१.२. व्हॅलोरंटसारखा सीपीयूवर चालणारा गेम हा फरक लपवत नाही. कांड्या हलवल्या, बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं. पहिल्यांदा चालू होताना स्क्रीन अर्धा-एक मिनिट काळी राहू शकते. बोर्ड रॅमची जुळणी करत असतो, तेव्हा घाबरून बटण दाबून धरायचं नाही.

फ्रेम टाइम ४.०, एफपीएस २५०.

मॉनिटरही ६० हर्ट्झवर पडला होता. पीसी हलवताना केबल बदलली की विंडोज कधी कधी असं करते. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’, तिथून १४४. दहा सेकंदांचं काम आणि डोळ्याला कळणारा सगळ्यात मोठा फरक याचाच.

घरातली वाट

सुळके राउटरच्याच खिडकीत होते, म्हणजे नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नव्हता. डोंगल पीसीच्या मागे, टेबलाखाली, भिंतीला टेकलेला. मध्ये पीसीची लोखंडी पेटी, मग विटांची भिंत, मग स्वयंपाकघर, मग हॉल. जोडणी २.४ गिगाहर्ट्झची. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीत वाय-फायची नावं मोजली तर वीसच्या पुढे जातात. भर म्हणून डोंगलच्या शेजारच्याच पोर्टला यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क. यूएसबी ३.० चे पोर्ट आणि केबल याच २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात. डोंगल एक मीटरच्या एक्स्टेन्शनने टेबलावर आणला तेव्हा सुळके निम्म्यावर आले. ५ गिगाहर्ट्झवर टाकून पाहिलं तर दोन भिंतींपलीकडे सिग्नलच पुरेना.

वाय-फायवर एखादं पॅकेट हवेत हरवलं तर ते पुन्हा पाठवलं जातं. व्हिडिओला त्याने काही होत नाही, पुढचे दहा-वीस सेकंद त्याने आधीच भरून ठेवलेले असतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाचा हिशेब करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी. ११८ मिलिसेकंदांचा एक सुळका म्हणजे पंधरा हिशेब चुकले. म्हणून ‘यूट्यूब फोर-के चालतं की’ हा पुरावा इथे चालत नाही.

उपाय केबल. राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने १८ मीटर, वळणं धरून २० घेतली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की गावातलं दुकान, स्वस्तातली कॅट सिक्स मागितली की बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार हातात पडते. एका तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघायचं. आतून पांढरी निघाली तर परत. ती वळणावर तुटते आणि क्रिम्प केलेल्या टोकाशी सैल होते.

टोकाला रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोडल्यावर विंडोजने लिंकचा वेग १०० एमबीपीएस दाखवला, १ जीबीपीएस नाही. याचा अर्थ निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार नीट टेकली नाही. १०० ला नारिंगी आणि हिरवी जोडी पुरते, गिगाबिटला चारही लागतात. लाइन ४० ची आणि गेमला सहसा १ एमबीपीएसही लागत नाही, तेव्हा टोक पुन्हा कापायची काही गरज नव्हती. तरी कापलं गेलं, कारण मुलाला तो १०० चा आकडा बघवेना.

राउटरचा पिंग आता एकसारखा, एक मिलिसेकंदापेक्षा कमी. सकाळचा ग्राफ सरळ रेघ.

रात्री साडेनऊ

रात्री दहाचे १८०-२२० मात्र जागच्या जागी. आता पहिली खिडकी शांत, दुसरी आणि तिसरी दोन्ही वर. इथे नेटवाल्यावर संशय जाणं साहजिक आहे. पण पहिल्या व दुसऱ्या खिडकीच्या मध्ये फक्त नेटवाल्याची तार नसते. घरच्या राउटरची बाहेर जाणारी रांगही तिथेच असते. फायबरच्या डब्याच्या, म्हणजे नेटवाल्याने दिलेल्या राउटरच्या, सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद उणे २१ डीबीएम होती. उणे २७ च्या पुढे घसरली असती तर केबल वाकली किंवा कनेक्टर मळला म्हणता आलं असतं. तार निरोगी होती.

मग वेळ बघितली. पिंग साडेनऊला चढतो आणि बाराच्या थोडं आधी एकदम खाली येतो. घरच्यांना विचारलं. दिवाळीनंतर दोन आठवड्यांत तुळशीचं लग्न, आणि तिथून माणसांची लग्नं सुरू. ताई दिवसा शूटिंगच्या फायली चाळायची आणि जेवणं झाली की ग्राहकाच्या गुगल ड्राइव्हवर चढवायला लावायची. रोज साधारण ४० जीबी. ४० एमबीपीएसच्या लाइनवर प्रत्यक्ष ३८ धरले तर दोन तास वीस मिनिटं. साडेनऊ ते अकरा पन्नास.

म्हणजे हा तिसरा दोष दिवाळीचा नव्हताच. तो पंधरवड्याने नंतर आला आणि आधीच्या दोघांत मिसळून गेला.

अपलोडने लाइन भरली की नवं पॅकेट राउटरच्या रांगेत उभं राहतं. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. रांगेत १ एमबी साठवायची जागा असेल तर शेवटच्या पॅकेटला २०० मिलिसेकंद थांबावं लागतं. गेमचं चिमुकलं पॅकेट ताईच्या फायलीच्या मागे उभं. यालाच बफरब्लोट म्हणतात, आणि ‘राउटरचा बफर (रांगेची जागा) जितका मोठा तितका चांगला’ या समजुतीचं हे फळ आहे. साध्या स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण ती लाइन रिकामी असतानाचा पिंग सांगते. काही टेस्ट आता डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाचा पिंग वेगळा दाखवतात. बघायचा तो आकडा.

प्लॅन १०० चा घेतला असता तर? तीच १ एमबीची रांग ८० मिलिसेकंदांत रिकामी झाली असती आणि अपलोड तासाभरात संपला असता. दुखणं अर्ध्यावर आलं असतं, गेलं नसतं, आणि दरमहा जास्त बिल.

पहिला विचार फुकटचा. गुगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये अपलोडला लगाम घालता येतो. तिथे एकक किलोबाइट असतं, किलोबिट नव्हे. २८ एमबीपीएसवर ठेवायचं तर ३५०० लिहायचं. २८००० लिहिलं तर लगाम लागतच नाही. पण दोन अडचणी. २८ च्या वेगाने ४० जीबीला तीन तास दहा मिनिटं लागतात, ताईचे पन्नास मिनिटं गेले, आणि तिचं ते पोटापाण्याचं काम आहे. ‘ताई, जरा बारानंतर लाव ना’ हेही याच कारणाने फार दिवस चालत नाही. दुसरं म्हणजे ती ग्राहकाच्या लिंकवर ब्राउझरमधून चढवायची. ॲपचा लगाम ब्राउझरला लागू होत नाही.

तेव्हा रांगच आपल्या हातात घ्यायची. नेटवाल्याच्या डब्यामागे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा जुना राउटर लावला, त्यात एसक्यूएमचं (रांग सांभाळणारं) पॅकेज घातलं. इंटरफेस वॅनचा (बाहेरच्या लाइनकडचा), डाउनलोड आणि अपलोड दोन्हीला ३६००० किलोबिट, म्हणजे लाइनच्या ९० टक्के, आणि रांगेची पद्धत ‘केक’. लाइनपेक्षा थोडा कमी वेग लावल्यामुळे रांग नेटवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि केक प्रत्येक प्रवाहाला पाळीपाळीने सोडतो. गेमचं पॅकेट आलं की त्याची पाळी जवळपास लगेच. ३६ एमबीपीएससाठी जुन्या राउटरचा प्रोसेसर पुरतो. ३०० च्या लाइनवर तोच धापा टाकेल.

लावल्यावर पहिल्या रात्री पिंग १८० वरून ९० वर आला, पूर्ण उतरला नाही. दोन गोष्टी राहिल्या होत्या. राउटरमध्ये ‘फ्लो ऑफलोडिंग’ चालू होतं. ते पॅकेट परस्पर पुढे ढकलतं, एसक्यूएमला दिसूच देत नाही. ते बंद केलं. दुसरं, ताईचा लॅपटॉप अजून नेटवाल्याच्या डब्याच्या वाय-फायवर होता, सवयीने. नव्या राउटरच्या मागून जो जात नाही त्याला हा राउटर आवरू शकत नाही. डब्याचं वाय-फाय बंद केलं आणि नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, म्हणजे घरातल्या टीव्हीला आणि फोनांना काही सांगावं लागलं नाही.

नेटवाला दोषी ठरायला काय लागलं असतं? पीसी केबलवर, घरातलं बाकी सगळं बंद, पहिली खिडकी सपाट, आणि तरी दुसऱ्या-तिसऱ्या खिडकीत दिवसाच्या ठरावीक वेळी चढ किंवा लॉस. तसं असेल तर एक तासाची तिन्ही खिडक्यांची नोंद वेळेसकट फाइलमध्ये उतरवून द्यायची. अशी नोंद समोर ठेवली की ‘मोडेम बंद करून चालू करा’ यापुढे गाडी सरकते.

शेवटची मोजणी रात्री साडेदहाला, अपलोड चालू असताना: एफपीएस २४० ते २५०, सीपीयू फ्रेम टाइम ४, आरटीटी १३ ते १७, लॉस शून्य. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर पहिल्या एक-दोन मॅचमध्ये नवा एजंट (गेममधलं पात्र) पहिल्यांदा दिसला की चित्र क्षणभर अडतं. तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्याने बनत असतात, ते तसंच सोडून द्यायचं. ताईचा अपलोड बारा वाजून दोन मिनिटांनी संपला, आधीपेक्षा बारा मिनिटं उशिरा. तिने ते विचारलंही नाही.